सहा लाखांचे स्पीकर आणि काकूचा आवाज

लांब लिहितोय, आणि थोडं रागानंच लिहितोय. चहा घेऊन बसा.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच जणांचे बंगले झाले. पुण्यात झाले, हैदराबादला झाले, बीदरला झाले. हॉलमध्ये माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच स्पीकर आले. पैसा कष्टाचा आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या स्पीकरवर आपण ऐकतो काय आणि आपल्याला ऐकू येतं काय, यावर मात्र बोलणार आहे. कुणाला लागलं तर आधीच माफी मागतो. शब्द मागं घेणार नाही.

आमचं मूळ गाव चिंताकी, तालुका औराद, जिल्हा बीदर. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडं राहिले. सोयरीक उदगीर-देगलूरला, मोठी खरेदी हैदराबादला, कचेरीचा कागद कन्नडात आणि चुलीपुढं मराठी, अशी आमची तऱ्हा. अशा गावात भाषा पुस्तकात कमी आणि कानात जास्त असते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याकडंच यायचंय.

1987 च्या उन्हाळ्यात घरात लग्न होतं. चुलतभावानं आखातातून टू-इन-वन आणला होता. हळद दळायला जातं मांडलं, आज्जी आणि काकू ओव्या म्हणायला बसल्या, आणि भावानं उपडी पायली ठेवून त्यावर तो टेप ठेवला. साठ मिनिटांची कॅसेट, एक बाजू पूर्ण भरली. पुढं आज्जी गेली. कॅसेट माझ्या कपाटात राहिली. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका जाणकाराकडून ती चांगल्या डेकवर वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पेनड्राइव्ह खिशात ठेवून फिरू लागलो.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी हैदराबादला पुतण्याकडं. नवीन बंगला. हॉल तीस फूट बाय वीस फूट, खाली चकचकीत फरशी, एका बाजूला वरपासून खालपर्यंत काच. कोपऱ्यात दोन उभे स्पीकर, शोकेसच्या फटीत घट्ट बसवलेले. सगळा संच सव्वासहा लाखांचा. पुतण्या हौसेनं म्हणाला, "काका, काहीतरी तुमच्या आवडीचं लावा." मी पेनड्राइव्ह दिला. काकू, म्हणजे त्याची सख्खी आजी, सोफ्याच्या कडेला बसली होती.

आवाज मोठा आला. भरदार आला. पण एक शब्द लागेना. जात्याची घरघर सगळ्या हॉलभर फिरत होती आणि बायकांचे आवाज त्यात विहिरीतून यावेत तसे येत होते. काकू थोडा वेळ ऐकून म्हणाली, "कोण बोलालंय गा ते? देवळातला भोंगा वाटलालाय." पोरं हसली. पुतण्या म्हणाला, "काका, तुमची कॅसेटच खराब आहे हो." मग त्यानं एक इंग्रजी सिनेमा लावला. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, काचा थरथरल्या, सगळे वा वा म्हणाले. मी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि गप्प बसलो.

त्याच वर्षी संक्रांतीनंतर गावाला गेलो. जुनं माळवद अजून उभं आहे. माझी एक जुनी स्पीकरची जोडी सोबत नेली होती. पुण्यात सेकंडहँड घेतलेली, लाकडी खोक्याची, उंची हातभरसुद्धा नाही. माजघरात ज्वारीच्या पोत्यांपुढं दोन बुटकी स्टुलं ठेवली, त्यावर ती मांडली. आम्ही खाली वाकळ टाकून बसलो. आवाज बोलण्याएवढाच ठेवला.

दोन-तीन ओव्या झाल्या असतील. काकू पुढं सरकली. म्हणाली, "ह्या तर आत्याबाई." म्हणजे तिची सासू, माझी आज्जी. मग जरा थांबून, "आन् ही दुसरी... आरं, ही मीच की!" पुढची ओवी टेपवर यायच्या आधी तिच्या तोंडून आली. मग ती आणखी एक बोलली, जे मला पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं. "मागून हू देलालीय ती वेशीजवळच्या घरची. तिच्या ओव्या येगळ्या, कानडी मिसळून म्हनायची." मी पुन्हा लावून ऐकलं. खरंच, तिसरा आवाज होता. मी आणि भावानं ती कॅसेट कितीदा ऐकली होती, आम्हाला दोनच बायका ठाऊक.

त्या श्रावणात काकू गेली.

आता मला सांगा, कॅसेट खराब होती का?

पुतण्याचे स्पीकरही खराब नव्हते. ज्यानं ते बनवले त्यानं मनापासूनच बनवले असतील. चूक अशी की आपण पेटी विकत घेतो आणि समजतो आवाज विकत घेतला. कानावर येतो तो आवाज अर्धा पेटीचा असतो आणि अर्धा खोलीचा. ही माझी मनची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 1890 च्या दशकात सबाइन नावाच्या प्राध्यापकाला एक व्याख्यानाची खोली दुरुस्त करायला सांगितली होती, तिथं बोललेलं कुणाला कळत नव्हतं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक गादी वाढवत गेला आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत गेला. त्यातून जो नियम निघाला तो आजही वापरतात. खोली जितकी मोठी तितका आवाज घुमतो, आणि आवाज पिणारं सामान जितकं जास्त तितका लवकर विरतो.

त्या हॉलचा हिशेब मांडला तर आवाज पूर्ण विरायला दीड-दोन सेकंद लागत असणार. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे सहा-सात अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढणार. स्वर तरून जातात, ते दमदार असतात. मरतात ती व्यंजनं. त, थ, स, श, च, ही सगळी नाजूक मंडळी, आणि शब्दाचा अर्थ त्यांच्याच खांद्यावर असतो. आमच्या माळवदात मातीच्या जाड भिंती, पोती, वाकळा, खुंटीवरचे कपडे आणि दाटीनं बसलेली माणसं. आवाज एकदा आला की आला, मागं रेंगाळत नाही. आज्जीच्या घरात कुणी ध्वनिशास्त्र शिकलं नव्हतं, पण खोली ऐकण्यालायक होती. आपण ती पाडली, फरशी-काच लावली, आणि आता सहा लाखांचा डबा आणून म्हणतो आवाज का कळेना.

मला नेहमी ऐकवलं जातं ते एकेक घेतो.

पहिलं, "मोठा स्पीकर म्हणजे चांगला स्पीकर." बीबीसीच्या इंजिनिअरांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एक स्पीकर तयार केला, एलएस थ्री फाइव्ह ए. बाहेरच्या कार्यक्रमांच्या गाडीत, अरुंद जागेत, माणसाचं बोलणं नीट पारखता यावं म्हणून. उंची फूटभर. आज पन्नास वर्षांनीही दर्दी माणसं तो शोधत फिरतात, कारण त्यात माणूस माणसासारखा बोलतो. छोट्या खोलीत मोठा स्पीकर म्हणजे माजघरात बैल बांधणं.

दुसरं, "वॅट किती?" दुप्पट वॅट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनक्षमता विचारा. एक वॅटवर एक मीटरवर 84 डेसिबल देणारा स्पीकर आणि 90 देणारा स्पीकर, यांत तेवढ्याच आवाजासाठी लागणाऱ्या वॅटमध्ये चौपट फरक पडतो. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, कारण आपण विचारतच नाही.

तिसरं, "बेस पाहिजे." हा रोग आपल्याला डीजेनं लावला. जत्रेत, वरातीत छाती हादरली की आवाज चांगला, असं पोरांच्या डोक्यात बसलंय. कायद्यानं वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, ती कोण पाळतं ते आपण जाणतो. 85 डेसिबल आठ तास, 88 चार तास, आणि 100 डेसिबल असेल तर पाव तास, एवढंच कानाला झेपतं. त्यापुढं जे जातं ते परत येत नाही. आणि सगळ्यात आधी जातात उंच पट्टीतले सूर, म्हणजे तीच व्यंजनं. आज वरातीत नाचणारा पोरगा उद्या स्वतःच्या आईचं बोलणं चुकवणार आहे.

खरा खर्ज काय असतो ते ऐकायचं असेल तर तंबोरा ऐका. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज 138 हर्ट्झच्या आसपास, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 ला. ती तार दणका देत नाही, ती खोलीत पसरते. आता खोली चार मीटर लांबीची असेल तर 43 हर्ट्झजवळचा सूर तिथं आपोआप फुगतो, तीन मीटरची असेल तर 57 जवळचा. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की हा फुगवटा आणखी वाढतो. पुतण्याच्या हॉलमध्ये जी जात्याची घरघर सगळीकडं भरून राहिली होती, तिच्यातला बराचसा भाग कोपऱ्याचा होता.

चौथं, "एवढे पैसे दिले, चांगला असणारच." कॅनडात फ्लॉइड टूल यांनी 1980 च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. नाव, किंमत, रूप काही दिसत नाही. तेव्हा वेगवेगळ्या लोकांचं मत आश्चर्य वाटेल इतकं जुळलं. चढउतार न करता सगळे सूर सारखे देणारा आणि बाजूला बसलेल्यालाही तसाच ऐकू येणारा स्पीकर लोकांना आवडला. पुढं 1994 मध्ये टूल आणि ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर एकदा झाकून आणि एकदा उघडे ठेवून ऐकवले, तर दिसू लागताच गुण बदलले. माणूस डोळ्यांनीही ऐकतो, ही आपली खोड जुनीच आहे.

पाचवं, आणि हे दुसऱ्या टोकाच्या मंडळींचं. "कशाला खर्च? फोनवर येतंय की ऐकू." नाही येत. बोटभर स्पीकरला 69 हर्ट्झची तार पेलत नाही. आपला मेंदू वरच्या सुरांवरून खालचा सूर अंदाजानं भरून घेतो, म्हणून चालवून घेतो इतकंच. वर आपण आज्जीची ओवी व्हॉट्सॲपवर पाठवतो, ती वाटेत पिळून निघते. सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट माहिती असते, व्हॉट्सॲपवर पोहोचेपर्यंत त्यातला अगदी थोडा भाग उरतो. मागून हू देणारी तिसरी बाई अशीच गळते. आवाजावर पैसे खर्च करू नका असं मी मुळीच म्हणत नाही. जरूर करा. लग्नात एका जेवणावळीला उडवतो त्यापेक्षा हे बरं.

आणि सहावं, "आम्हाला गाण्यातलं काय कळतंय." हे तर बोलूच नका. आमच्या ओसरीवर आजोबांचा रेडिओ होता, लाकडी पेटीचा, एकच कागदी पडद्याचा स्पीकर. मिडियम वेव्हवर 5,000 हर्ट्झच्या वर काही येत नसे. परभणी लागायचं, गुलबर्गा लागायचं, हैदराबाद लागायचं. त्यावर वीस-पंचवीस माणसं भीमसेन जोशींचे अभंग ऐकायची. गडी जात नव्हते, पोरं बोलत नव्हती. भीमसेन मूळचे गदगकडचे, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. दोघांची घरची भाषा कानडी, आणि मराठी घरांत दोघंही घरातले. आम्हा सीमेवरच्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नसे. कुमारांचं क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालं होतं, तरी ते गायले. त्यांचा श्वास कुठं तुटतो आणि ते कुठून पुन्हा उचलतात हे आमच्या आजोबांना कळायचं. रागाचं नाव माहीत नव्हतं. ऐकणं माहीत होतं.

मग घ्यायचे कसे? मी केलेल्या चुकांवरून सांगतो.

दुकानात जाताना त्यांची गाणी ऐकू नका, स्वतःची न्या. तीन पुरेत. एक, ओळखीच्या माणसाचं बोलणं, आईचं असेल तर उत्तम. दोन, तंबोऱ्यासह पुरुषाचं गाणं. तीन, तबला, ज्यात डग्गा आणि चाट वेगळी कळली पाहिजे. आईचं बोलणं ज्यावर आईसारखं वाटेल तो स्पीकर पहिल्या फेरीत पास. दोन स्पीकर ताडून बघताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला लावा. जो किंचित मोठा लागतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि हे दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हळू आवाजात ऐका. हळू असताना जो जिवंत वाटतो तोच घरी रोज लागतो.

जमलं तर दोन दिवस घरी आणून ऐका. समोर धोतर नाहीतर पलंगपोस टांगा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला निवड करू द्या. हसू नका, मी हे केलंय.

खोलीवर आधी खर्च करा. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, मागच्या भिंतीला काहीतरी मऊ. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं काढा, कोपऱ्यापासून लांब. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिघांमध्ये अंतर सारखं ठेवा. आणि एक गोष्ट परदेशी पुस्तकात सापडणार नाही. त्यांचे उभे स्पीकर सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीनं बनवलेले असतात. आपण गादीवर, सतरंजीवर बसलो की कान हातभर खाली येतो आणि नाजूक सूर डोक्यावरून जातात. खाली बसून ऐकणार असाल तर छोटी जोडी आणि बुटकं स्टूल घ्या, पैसेही वाचतील.

एवढं झाल्यावर हातात पैसे उरले आणि कान तयार असला तर खुशाल भारी घ्या. उत्तम स्पीकर उत्तमच असतो, आणि त्यावर कधीही न ऐकलेलं ऐकू येतं तेव्हा डोळ्यात पाणी येतं. पण आधी विचारा स्वतःला, त्यावर ऐकणार काय?

इथं मला खरं भांडायचंय. आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादं पत्र्याचं खोकं आहे. त्यात बारशाची, लग्नाची, भजनाची, आखातातून पाठवलेल्या निरोपाची कॅसेट आहे. तिला बुरशी चढते आहे. ती उतरवून घ्यायला चार-पाचशे रुपये लागतात, ते आपण देत नाही, आणि स्पीकरच्या वायरला पाच हजार देतो. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ते काम थोर आहे. पण आपल्या औराद तालुक्यातल्या आपल्याच घरच्या बायांच्या ओव्या गोळा करायला आपल्याशिवाय कोण येणार? कानडी मिसळून ओवी म्हणणारी वेशीजवळची ती बाई दोन्हीकडच्या कुठल्या वहीत सापडणार? आमची भाषा कानात असते म्हणालो ते याचसाठी. तो कान घरोघर बुजत चाललाय आणि आपण काचा हादरवतोय.

काकूच्या दहाव्याला पुतण्या गावी आला होता. रात्री माजघरात मी पुन्हा ते लावलं. तो पहिल्यांदाच नीट ऐकत होता. अर्ध्या तासानं म्हणाला, "काका, आजीला ओळखू आलं होतं का ओ हे?" मी म्हणालो, इथं आलं होतं. तो काही बोलला नाही. या पाडव्याला त्याचा फोन आला, हॉलमध्ये पडदे लावलेत, स्पीकर शोकेसमधून बाहेर काढलेत, आता काय ऐकू ते सांगा. मी म्हणालो, आधी तुझ्या आईच्या माहेरी विचार, कॅसेटी असतील.

तुम्हीही विचारा. आणि ज्यांच्या घरी अजून ओव्या म्हणणारं कुणी आहे, त्यांनी स्पीकर नंतर घ्या. आधी फोन काढा आणि रेकॉर्ड करा. पंखा बंद करून, खिडकी लावून, जवळ बसून.

(मूळ गाव चिंताकी, ता. औराद, जि. बीदर. सध्या मुक्काम पुणे.)